नव्वद हजार रुपये आणि भिगवणचे पक्षी: एका कॅमेरा खरेदीचं प्रकरण

२०२३ च्या दसऱ्याला भाचीनं मला एका कागदाचा फोटो पाठवला. सोलापुरातल्या एका दुकानदारानं हातानं लिहून दिलेला अंदाज होता. नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या धाटणीचा) कॅमेरा, सोबत दोन लेन्स, ८३,००० रुपये. त्याखाली वाढीव वॉरंटी ६,५००, बॅग २,५००, ट्रायपॉड ३,२००, दोन यूव्ही फिल्टर २,४००, ६४ जीबी कार्ड १,९००, सफाईचा संच ६००. एकूण १,००,१००. त्याला लाल शाईनं गोल केलं होतं आणि भाचीनं खाली लिहिलं होतं, ‘मामा, दहा हजार कमी पडतायत. हप्त्यावर घेऊ का?’

तिच्याकडे ९० हजार होते. ५० हजार दाजींनी दिलेले, ४० हजार तिनं शिकवण्या घेऊन दोन वर्षांत साठवलेले. प्राणिशास्त्रात बीएस्सी करते आणि पक्षी हा तिचा जीव की प्राण. मी पुण्यात राहतो आणि पंधराएक वर्षं हौसेनं फोटो काढतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. पुढचे तीन महिने आम्ही काय केलं, कुठे पैसे वाचले, कुठे गेले, हे सगळं आकड्यांसकट लिहितो आहे. कारण असा कागद हातात घेऊन दुकानाबाहेर उभी असलेली मुलं मला सारखी भेटतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: दुकानदार किती कमी करेल? मला तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. भाचीला मी उलट विचारलं, ‘तुला नेमका कुठला फोटो काढायचाय? एक सांग.’

ती म्हणाली, ‘पाण्यावर सूर मारणारा खंड्या.’

या एका उत्तरानं तो कागद बाद झाला. त्या संचातली लांबची लेन्स २१० मिमीची होती (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). खंड्या हा मुठीएवढा पक्षी, आणि तो पंधरा-वीस मीटरच्या आत क्वचितच येऊ देतो. २१० मिमीवर तो चौकटीत एक निळा ठिपका दिसला असता. वर्षभरात तिला लांब लेन्स घ्यावीच लागली असती, आणि त्याच दुकानदारानं फोनवर तिची किंमत ५७ हजार सांगितली. म्हणजे लाल गोलातला लाख हा पहिलाच हप्ता होता.

कागदाच्या खालच्या सहा ओळी

कॅमेऱ्याच्या किमतीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही. त्याचं खरं उत्पन्न खालच्या ओळींत असतं, त्यामुळे तो त्या आग्रहानं लिहितो. त्यात त्याचा दोष नाही, दुकान चालायला हवंच. पण घेणाऱ्यानं प्रत्येक ओळ वेगळी वाचायला हवी.

यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात उपयोगी होता, कारण फिल्मला अतिनील किरण जाणवत. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. राहता राहिलं लेन्सचं संरक्षण, आणि ते काम लेन्सचं हूड, म्हणजे पुढची नळीसारखी कड, जास्त चांगलं करतं. लांब लेन्सपुढे हजार-बाराशेची साधी काच लावली की फोटोचा करकरीतपणा जातो, आणि मग माणूस लेन्सलाच नावं ठेवतो.

तीन हजारांचा ट्रायपॉड लांब लेन्सखाली थरथरतो, आणि होडीत तर ट्रायपॉड मांडताच येत नाही. आम्ही जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवला, त्यात दोन किलो हरभरे भरले आणि ती उशी होडीच्या काठावर टाकली. ती अजून तशीच आहे. वाढीव वॉरंटीच्या अटी मी वाचल्या. ती कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होणार होती, आणि पाणी गेलं किंवा कॅमेरा पडला तर लागू नव्हती. पाणथळ जागी जाणाऱ्या मुलीला भीती नेमकी याच दोन गोष्टींची.

‘बिनव्याजी’ हप्ता

दाजींचा कल हप्त्याकडे होता, म्हणून हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. बिनव्याजी हप्त्यात बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करतो, म्हणून एकूण आकडा तोच दिसतो. ८३,००० च्या खरेदीवर सहा महिने, १६ टक्के दरानं, व्याजाचा भाग सुमारे ३,७५० येतो. तो विक्रेत्यानं सोसला तरी क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो आपल्याच खिशातून, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर मिळून २३५. आणि रोख दिल्यास दुकानदार २,५०० सोडत होता, ते गेले. बिनव्याजी म्हणता म्हणता साधारण ३,४०० रुपये. दाजी बँकेच्या व्यवहाराला सरावलेले आहेत, त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हप्त्याचा विषय परत काढला नाही.

दाजींच्या एका मित्राचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. त्यांनी सल्ला दिला, ‘नवाच घ्या, बिल पक्कं घ्या.’ त्यांच्यापुरता तो बरोबर होता. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ८३,००० च्या बिलात १२,६६१ रुपये कर असतो, आणि जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला तो आपल्या देय करातून वळता करता येतो. त्यांना तोच कॅमेरा सत्तर हजारांना पडतो. विद्यार्थिनीला पूर्ण ८३ हजारांनाच पडणार. दोघांसाठी शहाणपणाची खरेदी वेगवेगळी आहे.

दुबईतल्या चुलतभावाकडून आणायचाही विषय निघाला. तिथली किंमत कमी दिसत होती, पण बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याची, वॉरंटी इथे चालेल याची लेखी हमी कुणी देईना. सोडून दिला.

कुंभारगावची होडी

दिवाळीचे सेल येऊन गेले. भाची अस्वस्थ होती, रोज एक जाहिरात पाठवायची. मी तिला जानेवारीपर्यंत थांबवलं, कारण मला तिला खरेदीच्या आधी भिगवणला न्यायचं होतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी मागे पसरून तिथे जो उथळ फुगवटा झालाय, त्यात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरच असल्यानं आम्हा दोघांना मधलं पडतं.

जाताना दोन संच नेले. एक माझा जुना, २४ मेगापिक्सेलची बॉडी आणि ५५-२५० मिमी लेन्स. दुसरा पुण्यातून भाड्यानं घेतलेला: कॅनन ७डी मार्क २ ही बॉडी आणि कॅननची ४०० मिमी एफ/५.६ लेन्स (एफचा आकडा लेन्सचं छिद्र किती उघडतं ते सांगतो, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र). दोन दिवसांचं भाडं २,८००, सोबत आधारची प्रत आणि अनामतीचा धनादेश. दाजींना हा खर्च वायफळ वाटला होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वात चांगले खर्च झालेले पैसे हेच.

कुंभारगावात मासेमारी करणाऱ्यांच्याच होड्या पक्षी दाखवायला नेतात. पहाटे धुकं होतं. पहिला तास भाचीच्या हातात माझा संच होता. रोहितांचा थवा २५० मिमीवर छान आला, चित्रबलाक आले, शेकाट्याही बरा आला. मग होडीवाल्या दादांनी हळूच बोट दाखवलं. खांबावर खंड्या. तिनं फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला आणि काही बोलली नाही. डोळा कुठे, चोच कुठे, कळत नव्हतं.

दुसऱ्या तासाला ४०० मिमी हातात दिली. पहिले वीस-पंचवीस फोटो वाया गेले, कारण पक्षी चौकटीत सापडेचना. लांब लेन्सला सवय लागते. नऊच्या सुमारास एक नदी सुरय पाण्यावरून तिरका आला. तिनं धरून ठेवला आणि बटण दाबलं. सेकंदाच्या २,००० व्या भागाचा शटर वेग, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८००. पंखाच्या टोकाची पिसं मोजता येत होती. ती ओरडली नाही की काही नाही, नुसती त्या पडद्याकडे बघत बसली.

त्या होडीत दोन गोष्टी पक्क्या झाल्या आणि दोन्हींनी पैसे वाचवले. पहिली, तिला झूम नको होतं. दोन दिवसांतले तिला आवडलेले सगळे फोटो लेन्स पूर्ण लांब करूनच काढलेले होते. दुसरी, लेन्समधल्या कंपरोधक यंत्रणेसाठी तिनं जादा पैसे मोजायची गरज नव्हती. ती यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही. पक्षी थांबवायला शटरचा वेगच लागतो, आणि त्या वेगाला हाताची थरथर तशीही टिपली जात नाही. ४०० एफ/५.६ ही १९९३ ची लेन्स, तिच्यात ना झूम ना कंपरोधक. वजन सव्वा किलो. पण काच अव्वल, फोकस झटपट. झूम आणि कंपरोधक असलेली १००-४०० वापरलेलीसुद्धा तिच्या जवळपास दुपटीला मिळत होती. संध्याकाळच्या झाडीत बसून घुबडं टिपायची असती तर मी १००-४०० चाच आग्रह धरला असता. काम बदललं की उत्तर बदलतं.

जुनं स्वस्त का झालं

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. मोबाइलनं खालची बाजारपेठ खाल्ली, आणि कंपन्या थोडे पण महाग कॅमेरे बनवण्याकडे वळल्या. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉननं मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे नव्या माउंटसह (लेन्स जिथे बसते ती खोबण) आणले आणि हौशी लोक तिकडे धावले. त्यांच्या कपाटातले डीएसएलआर (आत आरसा असलेले जुन्या धाटणीचे कॅमेरे) आणि लेन्स एकदम बाजारात आले. ७डी मार्क २ हा २०१४ मध्ये खास खेळ आणि वन्यजीवांसाठी काढलेला कॅमेरा, सेकंदाला १० फोटो, ६५ फोकस बिंदू. त्याच्यात वाईट काही झालं नव्हतं. मालकाचं मन भरलं होतं, एवढंच.

कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा, त्यामुळे माझ्या घरी पडून असलेली १८-५५ लेन्सही तिला चालणार होती. उद्या ती मिररलेसवर गेली तरी ४०० मिमी ॲडाप्टरनं तिथे बसते. बॉडी उतरत्या किमतीची वस्तू आहे, चांगल्या काचेची, म्हणजे लेन्सची, किंमत टिकून राहते. म्हणून ९० हजारांतला मोठा वाटा काचेला द्यायचं ठरवलं.

नाकारलेली बॉडी, नाकारलेली लेन्स

पहिली बॉडी आली २६ हजारांना. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची होती, दिसायला चकचकीत. कॅननचे बहुतेक कॅमेरे शटर किती वेळा उघडलं हा आकडा फोटोच्या माहितीत लिहीत नाहीत (निकॉनचे लिहितात). त्यामुळे कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरनं वाचावा लागतो. आकडा निघाला १,८७,०००. या बॉडीचं शटर २ लाखांसाठी तपासलेलं असतं. ते लगेच मरतं असं नाही, पण दुरुस्तीवाल्यानं शटर बदलायचे १२ हजार सांगितले. २६ अधिक १२, म्हणजे ३८. नको म्हटलं.

२ लाख हा आकडा मोठा वाटतो. सेकंदाला १० च्या वेगानं बोट दाबून ठेवलं तर ते साडेपाच तासांचं काम आहे. भाचीला मी हे गणित सांगितलं तेव्हापासून ती तीन-चार फोटोंच्या छोट्या फैरी झाडते. त्यानं शटर वाचतं आणि रात्री निवडायचा त्रासही.

दुसरी बॉडी पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची, मागितलेली किंमत ३८ हजार. २०१६ चं मूळ बिल, खोका, चार्जर. शटर ४८,०००. आम्ही त्यांच्या घरी दीड तास होतो. एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहिली. लेन्सचं झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढला आणि जळके पिक्सेल, म्हणजे अंधारातही चमकणारे ठिपके, शोधले. माउंटचे स्क्रू पाहिले. पेचकसाचे ओरखडे असतील तर कॅमेरा कुणीतरी उघडलेला असतो. दोन्ही कार्डांच्या खाचा, प्रत्येक बटण, टेबलावर तिरकं ठेवलेलं वर्तमानपत्र घेऊन फोकस. सगळं ठीक निघालं. सेन्सरवर धूळ होती आणि एका बाजूचं रबर सुटलं होतं, तेवढ्यावर भाव ३४ हजारांवर आला. बिल, खोका आणि बॉडी या तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळवला, साध्या कागदावर तो लिहून विक्रीची पावती केली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. हा कागद कधीही टाळू नका. वस्तू चोरीची निघाली तर तुमच्या बाजूनं बोलणारं दुसरं काही नसतं.

लेन्सनं जास्त फिरवलं. पहिली ३८ हजारांना मिळत होती, कोकणातल्या एका घरातली. मालकांनी मनापासून सांगितलं की फार वापरलेली नाही. ते खरंच होतं आणि तोच घात होता. लेन्स चार पावसाळे चामड्याच्या पिशवीत बंद होती. अंधाऱ्या खोलीत एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च मारला आणि दुसऱ्या टोकानं पाहिलं, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. दमट हवेत ती काचेवरच्या थरावर वाढते आणि थर खाते. साफ केली तरी डाग राहू शकतात, शिवाय परत यायचं भय. फोटो काढून पाहिला असता तर काही कळलं नसतं, सुरुवातीची बुरशी फोटोत दिसत नाही. टॉर्चच लागतो.

शेवटी मुंबई. भाची आणि दाजी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं आले, मी डेक्कन क्वीननं पोहोचलो. सीएसएमटीवरून फोर्टातल्या बोरा बाजारात चालत जाता येतं, आणि कॅमेऱ्यांची इतकी दुकानं जवळजवळ असल्याचा फायदा असा की एका दुकानातला भाव दुसऱ्यात तोंडपाठ म्हणता येतो. तीन दुकानांत तीच लेन्स होती: ५२, ४९ आणि ४८ हजार. ४९ वाल्याची काच सर्वात स्वच्छ, लेन्सच्या अंगचं सरकतं हूड घट्ट, आणि तो तीन महिन्यांची लेखी हमी द्यायला तयार. भाचीनंच घासाघीस केली. रोख देतो, बॅग नको, फिल्टर नको, लेन्स तेवढी द्या. ४६ वर सौदा झाला. दाजींनी तिला तिथेच चहा पाजला.

एक चूक

जास्तीची बॅटरी घेताना मी घाई केली. मूळ कंपनीची ५,५०० ला होती, दुसरी एक ९०० ला मिळत होती. मीच म्हटलं, चालेल. दीड महिन्यात ती फुगली आणि कॅमेऱ्यात अडकली. सुदैवानं जपून काढता आली, पण आणखी दोन दिवस गेले असते तर ३४ हजारांची बॉडी उघडावी लागली असती. मग मूळ बॅटरी घेतली. वीज जिथे साठते तिथे मी आता स्वस्ताईच्या वाटेला जात नाही. कार्डाचंही तसंच. नकली कार्ड ६४ जीबी लिहून आत भलतंच निघतं, म्हणून बिलानं घेतलं आणि पहिल्याच दिवशी काठोकाठ भरून तपासलं.

हिशेब

बॉडी ३४,०००, लेन्स ४६,०००, भिगवणचं भाडं २,८००, मुंबईचा प्रवास १,२००, कार्ड १,१००, हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ८५०, कॉलेजच्या सॅकमध्ये बसवलेला फोम ४५०, फुगलेली बॅटरी ९००, मूळ बॅटरी ५,५००. एकूण ९२,८००. ठरवल्यापेक्षा २,८०० जास्त, आणि ते मी भरले, कारण बॅटरीची चूक माझी होती.

सुरुवातीच्या कागदाशी तुलना केली तर वाचले ७,३००. एवढ्याचसाठी तीन महिने घालवले असते तर दाजींनी मला बोल लावला असता. पण त्या कागदावर लांब लेन्सचे ५७ हजार धरले तर आकडा १,५७,१०० होतो, आणि तिचं काम त्याशिवाय झालंच नसतं.

तिला काय मिळालं नाही तेही सांगायला हवं. नवे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून धरतात, हिला फोकस बिंदू स्वतः पक्ष्यावर ठेवावा लागतो. आयएसओ १,६०० च्या पुढे फोटोत दाणे दिसू लागतात. बॉडी आणि लेन्स दोन्हींचं उत्पादन बंद झालंय, पुढे सुटे भाग मिळणं अवघड होत जाईल. वॉरंटी नाही. लेन्स साडेतीन मीटरच्या आतलं काही टिपत नाही, त्यामुळे फुलपाखरं राहिली. दोन किलोंहून जास्त वजन गळ्यात घेऊन ती दिवसभर फिरते आणि संध्याकाळी मान धरून बसते. तिला व्हिडिओ करायचे असते किंवा यातून कमाई लगेच सुरू करायची असती, तर मी तिला हा रस्ता दाखवला नसता.

पावसाळा लागला तेव्हा मी सोलापूरला गेलो होतो. डब्यातला आर्द्रतामापक ४५ टक्के दाखवत होता. तिनं नारिंगी दाण्यांचं सिलिका जेल घेतलंय, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. दाण्यांचा रंग उतरला की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतते आणि गार झाल्यावर परत डब्यात टाकते. खंड्याचा सूर अजून तिला मिळालेला नाही. पाण्यातून वर येतानाचा मिळालाय, चोचीत मासा, थेंब मागे उडालेले, पंखाचं एक टोक चौकटीबाहेर. ताईनं तो फ्रेम करून घ्यायचं म्हटलं, तर ती नको म्हणाली. पंख पूर्ण आला की करू.